फेब्रुवारीत वारा कसा वाचायचा: ठाणे-नवी मुंबईत नव्याने राहायला आलेल्यांसाठी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत बिऱ्हाड हलवायला बरेच जण जानेवारी-फेब्रुवारी निवडतात. पाऊस नाही, सामान भिजत नाही, हवा छान असते असं ऐकलेलंही असतं. मग पहिल्याच आठवड्यात कोडं पडतं. सोमवारी सकाळी रिक्षात बसल्यावर कानटोपी आठवते, शुक्रवारी दुपारी स्टेशनचा पूल चढताना शर्ट पाठीला चिकटतो, शनिवारी आभाळ भरून येतं आणि रविवारी समोरचा डोंगरच दिसेनासा होतो. घाटावरून आलेल्यांना हे जास्त खटकतं, कारण तिकडची थंडी जाते ती सांगून-सवरून जाते. इथली सकाळी असते आणि दुपारी नसते.

हा गोंधळ वाटतो तितका बेहिशेबी नाही. फेब्रुवारीतला इथला दिवस कसा जाणार, हे बरंचसं एका गोष्टीवर ठरतं: जमिनीकडून येणारा वारा किती वाजता हटतो आणि समुद्राकडचा किती वाजता लागतो. तापमान, चिकचिक, धुरकं, वाळत घातलेले कपडे, रात्रीची झोप, सगळं त्याच्या मागून येतं. म्हणून आमच्या सोसायटीत नवं कुणी आलं आणि हवेची तक्रार करू लागलं, की मी आधी वाऱ्यापासून सुरुवात करायला सांगतो. खालचा क्रम तोच.

पहिली पायरी: घराच्या दिशा पक्क्या करा

मोबाइलमधलं होकायंत्र उघडा आणि गॅलरी कुठे तोंड करून आहे ते पाहा. 'समोर गार्डन' ही दिशा नव्हे. मग घराच्या चारी बाजूंना काय आहे ते एका वहीत लिहून ठेवा, कारण इथे हवेला डोंगर आणि खाडी दोन्ही वळवतात.

ठाणे शहराच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आणि त्यापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, पूर्वेला खाडी, आणि खाडीपलीकडे कळवा-मुंब्र्याच्या अंगाने पारसिकची रांग. घोडबंदर रस्ता येऊरच्या डोंगराला वळसा घालून उत्तरेकडच्या खाडीच्या बाजूने जातो. नवी मुंबईत चित्र उलट आहे. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूरच्या पश्चिमेला खाडी आणि पूर्वेला डोंगर. खारघर, तळोजा, पनवेल आणखी आत, समुद्रापासून लांब. त्यामुळे एकाच दुपारी नेरूळला खाडीवरून झुळूक लागलेली असते आणि तळोज्यात पान हलत नसतं. दोघं फोनवर एकमेकांना खोटं ठरवतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

एक नियम आत्ताच लक्षात ठेवा: वारा ज्या दिशेकडून येतो, त्या दिशेचं नाव त्याला मिळतं. 'पूर्वेचा वारा' म्हणजे पूर्वेकडून येणारा. नवखे इथेच हमखास अडखळतात आणि मग पुढचं सगळं उलटं लिहितात.

गॅलरीच्या जाळीला रिबिनीचा वीतभर तुकडा बांधा. उंच इमारतींमध्ये वारा भिंतींना आपटून भलतीकडे वळतो, म्हणून रिबिनीवर सगळा भरवसा नको. शक्य असेल तर गच्चीवर जा, नाहीतर दूरच्या एखाद्या चिमणीचा धूर किंवा उंच खांबावरचा झेंडा पाहा. ठाणे-बेलापूर पट्ट्यात चिमण्यांची कमतरता नाही.

दुसरी पायरी: सकाळी एकदा, दुपारी दोनदा पाहा

सकाळी सात, दुपारी बारा आणि तीन. या तीन वेळांना वाऱ्याची दिशा लिहायची. एवढंच. पण त्यामागचं कारण कळलं की वही रटाळ वाटत नाही, म्हणून जरा थांबून ते पाहू.

जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. पाण्याला तापायला वेळ लागतो. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला साधारण ४.२ ज्यूल उष्णता लागते, कोरड्या मातीला त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा पुरतो. शिवाय ऊन पाण्यात खोलवर शिरतं, लाटा ते ढवळतात, बाष्पीभवनातही उष्णता खर्च होते. जमिनीवर मात्र सगळं ऊन वरच्या थरातच अडकतं. परिणाम असा की दिवसा जमिनीवरची हवा तापून हलकी होते, वर जाते, आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत सरकते. हे खारे वारे. रात्री जमीन समुद्रापेक्षा थंड होते आणि हवा उलट दिशेने, जमिनीकडून समुद्राकडे वाहते. हे मतलई वारे. शाळेत भूगोलाच्या पेपरात दोन गुणांना लिहिलेली ही जोडी फेब्रुवारीत रोज आपल्या खिडकीत असते.

साध्या दिवशी मतलई वारा सकाळी नऊ-दहापर्यंत दमतो, थोडा वेळ सगळं स्तब्ध होतं आणि साधारण अकरा ते साडेबाराच्या दरम्यान खारा वारा लागतो. पारा बत्तिशीच्या आसपास अडतो आणि दुपार निभावून जाते. तापायला अजून वेळ होता, तेवढ्यात गार हवा आली, असा तो मामला.

बिघडलेल्या दिवशी पूर्वेचा वारा जोरात असतो. तो फक्त रात्रीच्या गारव्यातून जन्मलेला मतलई वारा नसतो. त्याच्या मागे दख्खनच्या पठारावरून येणारा मोठा प्रवाह असतो आणि तो खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावरच थोपवून धरतो. वर आणखी एक गोष्ट घडते. पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर. तिथली कोरडी हवा सह्याद्री उतरून कोकणात आली की वाढत्या दाबाखाली आकसते आणि आकसताना तापते, दर किलोमीटर उतरणीला जवळपास १० अंश. म्हणजे घाट उतरता उतरताच तिच्या खात्यात पाचेक अंश जमा होतात. त्यात इथलं ऊन. खारा वारा मग दोन-तीन वाजेपर्यंत येत नाही आणि पारा ३६-३७ वर जातो. 'समुद्र इतका जवळ असून एवढं कसं तापतं?' या प्रश्नाचं उत्तर हे आहे. समुद्र जवळ असून भागत नाही, त्याचा वारा वेळेत यावा लागतो.

दुपारचे 'बारा' घड्याळाने मोजू नका, हेही सांगून ठेवतो. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरेच पश्चिमेला आहोत, आणि फेब्रुवारीत सूर्य स्वतःच घड्याळाच्या तेरा-चौदा मिनिटं मागे चालत असतो. ठाण्यात या दिवसांत सूर्य माथ्याच्या सर्वांत जवळ येतो तो सुमारे १२ वाजून ५० मिनिटांनी. म्हणून दीड वाजता डबा खाऊन बाहेर पडणारा माणूस खऱ्या अर्थाने भर माध्यान्हीलाच बाहेर पडतो.

अकरापर्यंत रिबीन पश्चिमेच्या किंवा वायव्येच्या वाऱ्याने उडू लागली तर दुपार सुसह्य. बारा वाजून गेले तरी पूर्वेचीच असेल तर बाजारहाट, बँक, मुलांची सायकल, सगळं संध्याकाळवर ढकला. हा एक नियम पाळला तरी बरीच कामं सोपी होतात.

तिसरी पायरी: रात्रीचं आकाश पाहून झोपा

रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत असते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर ती सरळ निसटते आणि सकाळ गार होते. वर ढग असले की ते पांघरुणासारखं काम करतात, उष्णता अडवतात आणि खाली परत पाठवतात. म्हणून ढगाळ रात्र उबदार. सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसतं, ते सूर्योदयाच्या आगेमागे असतं, कारण ऊन पुरेसं लागेपर्यंत जमीन निवतच राहते.

थंड हवा जड असते आणि उतारावरून खाली साचते. येऊरच्या पायथ्याला किंवा खारघरच्या डोंगराखाली राहणाऱ्यांची पहाट म्हणूनच नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या लोकांपेक्षा गार असते. शहराच्या मध्यभागी काँक्रीट दिवसभरचं ऊन रात्री हळूहळू परत करत बसतं. मुंबई परिसरातला थंडीचा गाजलेला आकडा आहे सांताक्रूझच्या वेधशाळेतला ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ चा. तेव्हाचं मोकळं रान आणि आजचे टॉवर हा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा.

आता या गार पहाटेची दुसरी बाजू. एरवी जसं वर जावं तशी हवा थंड होत जाते. निरभ्र, निवांत रात्री मात्र जमिनीलगतचा थर इतका गारठतो की त्याच्या वरची हवा तुलनेने ऊबदार राहते. वर ऊबदार आणि खाली थंड असं झालं की खालची हवा उठत नाही. गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, कारखान्यांचा वास आणि कुठेतरी पेटवलेला कचरा, सगळं त्या झाकणाखाली कोंडलं जातं. सकाळी सातला पारसिकचा डोंगर राखाडी दिसतो तो यामुळे. त्याला धुकं म्हणू नका. धुकं हे पाण्याच्या बारीक थेंबांचं असतं आणि हवामानशास्त्रात दृश्यमानता एक किलोमीटरच्या खाली गेली तरच ते नाव मिळतं. आपल्याकडे बहुतेकदा असतं ते धुरकं. ओळखायची सोपी खूण अशी की खऱ्या धुक्यात गाडीची काच ओली होते, धुरक्यात नुसती मळते.

त्यामुळे पहाटे साडेपाचला शुद्ध हवेसाठी चालायला जाण्याची जी शिस्त आहे, तिच्याबद्दल माझं मत फार चांगलं नाही. तलावपाळीला, उपवनला किंवा पाम बीच रस्त्यावर फेब्रुवारीत फिरायला जायचं तर ऊन थोडं चढू द्या. साडेआठ-नऊनंतर जमीन तापते, हवा ढवळली जाते आणि झाकण उघडतं. दम्याचा त्रास असलेल्यांनी तर हे पाळावंच. हवेचा निर्देशांक केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर दिसतो. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, २०० च्या वर वाईट आणि ३०० च्या वर फारच वाईट. आपल्या घराजवळचं केंद्र निवडून पाहा, 'मुंबई'चा एकच आकडा पाहून काही कळत नाही.

चौथी पायरी: आर्द्रतेच्या टक्क्याला फसू नका

सकाळी मोबाइल सांगतो आर्द्रता ८५ टक्के, दुपारी सांगतो ३३ टक्के. लोक समजतात सकाळी हवेत भरपूर बाष्प होतं आणि दुपारपर्यंत ते कुठेतरी गेलं. बहुतेकदा ते कुठेही गेलेलं नसतं. हवा तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता वाढते, साधारण दर १० अंशांना जवळपास दुप्पट. टक्का सांगतो तो फक्त क्षमतेपैकी किती भरलंय ते. १८ अंशांच्या सकाळी ८५ टक्के असलेली हवा जशीच्या तशी ३४ अंशांवर नेली तर टक्का ३३ च्या घरात येतो. बाष्प तेवढंच.

त्यापेक्षा दवबिंदू पाहा. म्हणजे हवा किती अंशांपर्यंत थंड केली तर तिच्यातलं पाणी दव बनून बाहेर पडेल, तो आकडा. बहुतेक ॲपमध्ये तो थोडा आत लपवलेला असतो. माझा अंदाजपंचे पण उपयोगी पडणारा हिशेब असा: दवबिंदू १२ च्या खाली असेल तर ओठ फुटतात, केस उडतात, कपडे दोन तासांत वाळतात. १५ ते १८ म्हणजे झकास. २० च्या वर गेला की चिकचिक सुरू, मग पारा ३१ का असेना. सातव्या पायरीतल्या नमुन्याच्या आठवड्यात गुरुवारचे कोरडे ३७ अंश घशाला कोरड पाडतात आणि शुक्रवारचे दमट ३२ अंश घाम काढतात, यातला फरक याच आकड्यात असतो.

कोरड्या पूर्वेच्या वाऱ्यात घाम लागलीच उडून जातो, त्यामुळे अंगातलं पाणी कमी होतंय हे लक्षातच येत नाही. तहान नसली तरी पाणी प्या. शाळेतून दुपारी येणाऱ्या मुलांच्या बाटलीकडे घरी आल्यावर नजर टाका. भरलेली परत आली असेल तर समजून घ्या.

पाचवी पायरी: फोनमधल्या वायुदाबाने घाबरू नका

काही फोनमध्ये दाबमापक असतो आणि नवखा उत्साही माणूस दुपारी दाब उतरताना पाहून वादळाची वाट पाहू लागतो. आपल्या अक्षांशांत दाब रोजच दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. फरक साधारण तीन हेक्टापास्कलचा (हे दाब मोजायचं एकक). वरच्या वातावरणाला सूर्याने तापवल्याने उठणारी ही भरती-ओहोटी आहे, तिचा पावसाशी संबंध नाही. शिवाय उंचीनुसारही दाब बदलतो, दर साडेआठ मीटरला सुमारे एक हेक्टापास्कल. विसाव्या मजल्यावरच्या मित्राचा आकडा तुमच्यापेक्षा सहा-सातने कमी असणारच. तुलना करायची तर कालच्या याच वेळेशी आणि याच मजल्यावर.

सहावी पायरी: अंदाज वाचायला शिका

भारतीय हवामान विभाग १८७५ पासून नोंदी ठेवतोय. त्याचं प्रादेशिक केंद्र मुंबईत कुलाब्याला आहे आणि बातम्यांत 'मुंबईचं तापमान' म्हणून येतं ते कुलाबा किंवा सांताक्रूझचं. कुलाबा जवळजवळ समुद्रात, त्यामुळे तिथली सकाळ ऊबदार आणि दुपार सौम्य. आपण आतल्या अंगाला. आपल्याकडे पहाट जास्त गार आणि दुपार जास्त तापलेली असणं स्वाभाविक आहे, आणि बदलापूर-कर्जतकडे जावं तसा हा फरक वाढत जातो. म्हणून बातमीतला आकडा आपल्या वहीतल्या आकड्याशी जुळला नाही तर थर्मामीटरला दोष देऊ नका.

थर्मामीटरलाही त्याची जागा लागते म्हणा. वेधशाळेत तो पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटरवर असतो. ऊन थेट लागत नाही, वारा मात्र खेळतो. आपला गॅलरीत एसीच्या बाहेरच्या युनिटशेजारी टांगलेला असतो आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर '४३ अंश!' असा फोटो येतो. उत्तरेकडच्या भिंतीला, सावलीत, भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवून लावा. निदान चुकेल तर रोज सारखंच चुकेल.

इशाऱ्यांचे रंग चार: हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. 'तुरळक ठिकाणी' असा शब्द आला तर तो त्या विभागातल्या थोड्याच ठिकाणांबद्दल असतो. पाऊस तुमच्या गल्लीत पडला नाही म्हणून अंदाज चुकला असं होत नाही. 'मौसम' ॲपवर जिल्हावार इशारे येतात, विजांसाठी 'दामिनी' आहे. दहा दिवसांपुढचं अंशाअंशाचं भाकीत देणारी ॲप पाहून लग्नाचा मंडप ठरवू नका.

उष्णतेची लाट हा शब्दही मोजूनमापून वापरला जातो. किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ किंवा अधिक हवं आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त हवं. तेही विभागातल्या दोन केंद्रांवर, लागोपाठ दोन दिवस. फेब्रुवारीत असं होऊ शकतं का? २०२५ च्या फेब्रुवारीअखेरीस मुंबई, ठाणे आणि रायगडसाठी असा इशारा दिला गेला होता. आणि हे केवळ आजचं नाही, सांताक्रूझचा फेब्रुवारीतला उच्चांक ३९.६ अंशांचा आहे आणि तो २५ फेब्रुवारी १९६६ चा आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात: असे दिवस पूर्वीही येत, आणि तापणाऱ्या हवामानात त्यांची शक्यता वाढते.

जाता जाता, मार्च लागला की 'विषुवदिनामुळे पुढचे पाच दिवस पारा चाळिशी ओलांडणार' असा एक संदेश दरवर्षी फिरतो. पुढे पाठवू नका. २० किंवा २१ मार्चला सूर्य विषुववृत्तावर असतो, पण तिथे तो एका झेपेत पोचत नाही, रोज थोडा थोडा सरकत असतो. ठाण्यात तो बरोबर डोक्यावर येतो मेच्या मध्याला.

सातवी पायरी: एक आठवडा उलगडून पाहा

आता हे सगळं एकत्र लावू. खालचा आठवडा नमुन्याचा आहे, पण घटना याच क्रमाने येताना तुम्हाला दिसतील.

सोमवारी पहाट १६ अंशांची, आकाश निळंशार, वारा उत्तरेचा आणि बोचरा. त्याचं मूळ इथे नाही. भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तान ओलांडत हवेचा एक कमी दाबाचा विस्कळीत पट्टा, ज्याला पश्चिमी विक्षोभ म्हणतात, तो काश्मीर-हिमाचलात येऊन बर्फ टाकून पुढे गेलेला असतो. तो सरकला की त्याच्या मागे उत्तरेची थंड कोरडी हवा राजस्थान-गुजरातवरून खाली घसरते आणि तिचं शेपूट आपल्यापर्यंत येतं. टीव्हीवर गुलमर्गचा बर्फ दिसला की एक-दोन दिवसांत पहाटेची चादर जाड करायची, हा आडाखा बऱ्याचदा लागू पडतो. मंगळवार तसाच, थोडा सौम्य. पहाटेच्या ट्रान्स-हार्बर लोकलने जाणाऱ्यांनी दारात उभं राहू नये आणि स्वेटर असा घ्यावा जो दुपारी पिशवीत मावेल.

बुधवारी सकाळी रिबीन पूर्वेच्या वाऱ्याने उडते. मध्य भारतावर हवेचा दाब वाढलेला असतो, तिथली हवा वरून खाली बसत असते आणि बाहेर पसरताना आपल्याकडे पूर्वेचा वारा पाठवते. खारा वारा दीड वाजता. पारा ३५. गुरुवारी तोच वारा जास्त जोरात, खारा वारा तीन वाजता, पारा ३७. आणि पहाट मात्र अजूनही १८-१९ अंशांचीच! याच दोन दिवसांत सर्दी-खोकल्याने दवाखाने भरतात, असं आमच्या भागातले डॉक्टर सांगतात. त्यात सकाळच्या कोंडलेल्या धुराचा वाटा किती आणि 'हवा बदलली'चा किती, हे त्यांनाच ठाऊक. घरात करायचं ते असं: या दोन दिवशी दहाच्या आत पूर्वेकडच्या खिडक्या आणि पडदे बंद करा, आणि वारा फिरला की पश्चिमेच्या खिडक्या सताड उघडा. खारा वारा लागताच अर्ध्या तासात पारा दोन-तीन अंशांनी उतरताना दिसतो. वहीत सर्वांत समाधान देणारी नोंद ती.

शुक्रवारी मध्य भारतावरचा तो दाब सरकतो. खारा वारा साडेअकरालाच. पारा ३२, पण दवबिंदू वीस पार करून गेलेला. संध्याकाळी पश्चिमेकडे पाहा. पिसांसारखे पांढरे पातळ ढग दिसतील. ते फार उंचावर, बर्फाच्या कणांचे असतात आणि पुढच्या विक्षोभाची वर्दी देतात. गंमत म्हणजे खाली वारा कुठूनही असो, ते पश्चिमेकडून पूर्वेकडेच जाताना दिसतात. आपल्या डोक्यावर एकाच वेळी दोन वेगळे वारे वाहतात, हे पाहण्याची याहून सोपी सोय नाही.

शनिवारी मळभ, दक्षिणेचा वारा, पहाट २२ अंशांची. रात्री पंखा वाढवावा लागतो आणि लोक म्हणतात, 'गेली थंडी.' होळी जळाली थंडी पळाली, असं आपले लोक म्हणतात, पण होळी यायची असते. अशा मळभात चार थेंब पडू शकतात. आपल्याला गाडीवर डाग पडण्यापलीकडे त्याचं काही नाही, पण कोकणात आणि शहापूर-मुरबाडकडे आंब्याला मोहोर असतो. ढगाळ दमट हवेत त्यावर तुडतुडे आणि बुरशी वाढते. बाजारातल्या आंब्याच्या भावाचा एक धागा या शनिवारी असतो.

रविवारी विक्षोभ उत्तरेतून पुढे जातो आणि वारा वायव्येचा होतो. कधी त्यात वाळवंटी धूळ येते. २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानकडून निघालेली धूळ अरबी समुद्र ओलांडून मुंबई-ठाण्यावर आली होती. गाड्यांवर पांढुरका थर बसला, सूर्य फिका पडला आणि दिवसाही गारवा होता. असा दिवस ओळखू आला तर खिडक्या बंद, धुणं आत आणि बाहेर जायचंच असेल तर मास्क. मग सोमवारी पुन्हा उत्तरेचा वारा.

प्रत्यक्षात हे चक्र सात दिवसांचं बांधलेलं नसतं. कधी चार दिवसांत उरकतं, कधी पूर्वेचा वारा आठवडाभर ठाण मांडतो.

शेवटची पायरी: कपाट कधी आवरायचं

तारीख पाहून नको, वही पाहून ठरवा. सकाळी सातची नोंद पूर्वेची किंवा ईशान्येची येणं कमी झालं, खारा वारा दहाच्या आधी लागू लागला आणि दवबिंदू सलग वीसच्या वर राहिला, की जाड कपडे बांधून ठेवायला हरकत नाही. हे बहुधा मार्चच्या मध्यानंतर होतं. तोवर एक पातळ स्वेटर आणि एक चादर हाताशी असू द्या. येऊरला पळस आणि सावर फुलल्या म्हणून घाई करू नका, त्या थंडी असतानाच फुलतात.

गोधड्या आणि ब्लँकेट मात्र ठेवण्याआधी धुवायला उत्तरेच्या वाऱ्याचा कोरडा दिवस गाठा, वरच्या नमुन्यातला सोमवार किंवा मंगळवार. शुक्रवार-शनिवारच्या दमट हवेत जाड गोधडी वरून वाळल्यासारखी वाटते, आत ओल राहते, आणि पिशवीत बांधून माळ्यावर गेली की पावसाळ्यात वास मारते. सकाळी दहाला वाळत घालायची, दुपारी उलटायची आणि खारा वारा चांगला सुरू व्हायच्या आत उचलायची.